तीन सेन्सर एकदम कसे मरतील? आमच्या म्हशीची केस

सिग्नल हिरवा झाला आणि म्हैस जागेवरच बसली. म्हैस म्हणजे आमची मिनिव्हॅन, २००५ ची, ३.३ लिटरचं व्ही६ पेट्रोल इंजिन, एक लाख ७८ हजार मैल झालेले, वळणावर डुलते म्हणून मुलांनी नाव ठेवलंय. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी बंद पडणं म्हणजे काय ते एडिसन-आयझेलिनच्या लोकांना सांगायला नको, मागे वीस गाड्या आणि अर्धे हॉर्न वाजवणारे ओळखीचेच. चावी फिरवली, लगेच चालू झाली, घरी आलो. पण चेक इंजिनचा लाइट लागलेला आणि इन्स्पेक्शनचं स्टिकर त्याच महिन्याअखेरीस संपत होतं.

ही केस सविस्तर लिहितोय कारण यात मी स्वतः दोन वेळा गंडलो, एका गॅरेजवाल्याने एकदा गंडवलं (मुद्दाम नाही बहुतेक, घाईत), आणि शेवटी जे निघालं ते गाडीच्या एकाही एरर कोडमध्ये सरळ लिहिलेलं नव्हतं. मी मेकॅनिक नाही, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे, सोबतीला एक मीटर आणि एक ब्लूटूथवाला स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या पॅसेंजर गाड्यांना ओबीडी-२ चं सोळा पिनचं पोर्ट स्टिअरिंगखाली असतंच, त्यात हा डबीएवढा स्कॅनर खोचायचा आणि फोनवर आकडे बघायचे.

आधीचा इतिहास सांगतो, त्याशिवाय केस कळणार नाही. एप्रिलमध्ये पहिल्यांदा लाइट आला तेव्हा कोड होता पी०१७२, म्हणजे पहिल्या बँकेत (सिलिंडरांच्या एका रांगेत) मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. गाडी उभी असताना थरथरायची, मिसिंग मारल्यासारखी, चालायला लागली की ठीक. गॅरेजवाला म्हणाला ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) गेलाय, रिच दाखवतोय म्हणजे सेन्सरच. बदलला. दहा दिवसांनी तोच कोड परत. मग उन्हाळ्यात एकदा पी०१०७ आला, मॅप सेन्सरचा सिग्नल लो. मॅप म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधलं (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं) प्रेशर मोजणारा सेन्सर, आमच्या गाडीत हवा मोजायला वेगळा एअर फ्लो सेन्सर नाहीच, सगळा हिशोब या मॅपवर. म्हटलं सोपंय, दोन स्क्रू, स्वतः बदलला, पंधरा दिवस लाइट आला नाही, बायकोला सांगून झालं की बघ पैसे वाचवले. ऑगस्टमध्ये पी०४२० आला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा) नीट काम करत नाही म्हणून. मग त्याच गॅरेजने कन्व्हर्टर आणि ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) मिळून साधारण १,९०० डॉलरचं कोटेशन दिलं, म्हशीची स्वतःची किंमत तेवढी नसेल. तो कागद मी फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि विषय टाळला.

आणि आता ओक ट्री रोड. स्कॅनर लावला तर एका दमात तीन कोड: पी०१०७ (मॅप लो), पी०१२२ (थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, किती उघडली ते सांगणारा पोझिशन सेन्सर लो) आणि पी०४०५ (ईजीआर पोझिशन सेन्सर लो). चौथा पी०४०४ पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेला; त्याचा अर्थ ईजीआर व्हॉल्व्हला जिथं जा म्हटलं तिथं तो गेला नाही.

इथं मी आधीसारखंच पार्ट ऑर्डर करायला बसलो होतो, खरंच कार्टमध्ये थ्रॉटल सेन्सर टाकला होता. मग डोक्यात आलं की मॅप तर मी आत्ता जुलैत नवा बसवलाय. तीन वेगवेगळ्या जागी असलेले तीन सेन्सर, त्यातला एक तीन महिन्यांचा, एकाच सिग्नलवर एकाच सेकंदाला मरतील कसे? आणि तिघंही "लो" म्हणूनच मरतायत, एकही "हाय" नाही. घरातले तीन बल्ब एकदम गेले तर आपण बल्ब आणायला जात नाही, आधी फ्यूज बघतो.

तर या सेन्सरांचं असं असतं: मॅप, थ्रॉटल आणि ईजीआरचा पोझिशन सेन्सर, तिघंही तीन वायरवाले. एक वायर पाच व्होल्टची, ती इंजिनचा कॉम्प्युटर पुरवतो. एक अर्थिंगची. आणि तिसरी सिग्नलची, ज्यावर शून्य ते पाचच्या मधला काहीतरी आकडा परत येतो. आता ही पाच व्होल्टची लाइन प्रत्येकाला स्वतंत्र नसते, आत कॉम्प्युटरपासून निघून फांद्या फुटून दोन-चार सेन्सरांना जाते. त्यातली एक फांदी कुठं अर्थला टेकली की सगळ्यांचे पाच व्होल्ट जातात आणि जो तो सेन्सर शून्याजवळचं काहीतरी सांगायला लागतो. कॉम्प्युटर बिचारा प्रत्येकाच्या नावाने वेगळा कोड लिहून ठेवतो. माझ्या गाडीचं वायरिंग डायग्राम पब्लिक लायब्ररीच्या वेबसाइटवरून फुकट मिळालं (लायब्ररी कार्ड असेल तर बऱ्याच ठिकाणी रिपेअर मॅन्युअलचा डेटाबेस असतो, बघा), त्यात हे तिघं आणि वर कॅम सेन्सर (इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरून कुठं आलाय ते सांगणारा), चौघं एकाच लाइनवर. म्हणजे बंद पडण्याचं कारणही तिथंच सापडलं, कॅम सेन्सरचा सप्लाय गेला की इंजिनला पेट्रोल कधी मारायचं नि ठिणगी कधी टाकायची तेच कळत नाही.

बॅटरी, अल्टरनेटर आधी बघून घेतला, बंद असताना १२.५, चालू असताना १४.२, तिकडं काही नाही.

रविवारी सकाळी बॉनेट उघडलं. बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, ते स्वेटर घालून बाहेर आले. बाबा एसटीत होते, कराड डेपोच्या वर्कशॉपला, आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं, त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं की डिझेल फिल्टर चोक झालाय. बाबा, ही पेट्रोलची आहे म्हटलं तर म्हणाले मग पेट्रोलचा बघ. त्यांना ड्रायव्हर सीटवर बसवलं, हातात फोन दिला, म्हटलं हा आकडा मोठ्यांदा वाचत राहा फक्त.

आधी चावी ऑन, इंजिन बंद. या अवस्थेत मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे मॅपने हवेचं प्रेशर दाखवायला पाहिजे, समुद्रसपाटीजवळ साधारण १०० किलोपास्कल. बाबा म्हणाले "शंभर." म्हणजे सेन्सर शहाणा आहे. (महाबळेश्वरला हाच आकडा ८५-८७ च्या आसपास येईल, तिथं १०० दाखवला तर सेन्सर खोटं बोलतोय. हा फुकटचा टेस्ट आहे, नवीन मॅप घेण्याआधी करा, मी केला नव्हता.)

मग मी ईजीआर व्हॉल्व्हच्या कनेक्टरमध्ये मागून पिन घालून मीटर लावला, पाचची वायर ४.९८ दाखवत होती. चांगली. आता एकेक हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, हलवायला सुरुवात केली. मॅपकडची वायर हलवली, बाबा: "शंभर, शंभर, शंभर." थ्रॉटलकडची, "शंभर." मग इंजिनच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे), जिथं हात जेमतेम जातो आणि मनगट सोलून निघतं तिथं ईजीआरकडे जाणारा वायरांचा जुडगा धरून जरा खाली दाबला. "शंभर, शंभर, बारा... अरे शून्य! शून्य झालं!" सोडला. "शंभर." दाबला. "शून्य." मीटरवर ४.९८ चे ०.४. बाप-लेक दोघं पाच मिनिटं नुसतं तेच करत बसलो, दाबा-सोडा, इतकं समाधान मला नोकरीत अलीकडे मिळालेलं नाही.

एक गोष्ट अजून करायची होती. शॉर्ट वायरमध्ये आहे की व्हॉल्व्हच्या पोटात? ईजीआरचं कनेक्टर काढून टाकलं आणि परत वायर दाबली. तरी शून्य. म्हणजे व्हॉल्व्ह लाइनवर नसतानाही शॉर्ट होतोय, दोष वायरचा. कनेक्टर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले असते तर व्हॉल्व्हच्या आतला सेन्सर शॉर्ट असता. नेहमी एकेक सेन्सर असा सोडवत जायचा, ज्याला सोडवल्यावर लाइन जिवंत होते तो चोर.

जुडग्यावरची काळी प्लास्टिकची नळी काढली तर आत काय झालं होतं ते दिसलं. ईजीआरची लोखंडी नळी, जिच्यातून गरम एक्झॉस्ट येतो, तिच्या ब्रॅकेटला हा जुडगा टेकलेला. जी क्लिप त्याला लांब धरायची ती तुटून गेलेली, वीस वर्षांत कधीतरी. प्लास्टिक भाजून कडक झालेलं, बोटाने चुरा होत होता जळक्या पापडासारखा, आणि आतल्या एका वायरीचं इन्सुलेशन नखाएवढ्या जागेत घासून तांबं उघडं पडलेलं, तांब्यावर काळा डाग. गाडी गिअरमध्ये ब्रेक दाबून उभी असली की इंजिन किंचित मागे झुकतं, तेव्हा ते तांबं ब्रॅकेटला टेकायचं. म्हणून नेमकं सिग्नललाच. आणि मॅप बदलल्यावर पंधरा दिवस बरं का वाटलं तर मी तिथं हात घालताना जुडगा जरा सरकला असणार, सेन्सरचा त्यात काही वाटा नाही.

वायर कापून, नवा तुकडा सोल्डर करून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, त्यावर उष्णता झेलणारी स्लीव्ह, आणि नवीन क्लिपने ब्रॅकेटपासून चार बोटं लांब. सामान १४ डॉलरचं.

बंद पडणं थांबलं. इथं केस संपली असती तर मी इतकं लिहिलंच नसतं.

कारण उभी असताना थरथर तशीच होती. आठवड्याभरात पी०४०४ पक्का झाला आणि पी०१७२ पेंडिंगला आला. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "फिल्टर."

आता आकडे. गरम इंजिन, आयडलला (रेस न देता नुसतं चालू) मॅप ४७ किलोपास्कल. निरोगी व्ही६ ला इथं तीस ते पस्तीसच्या आसपास पाहिजे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम कमी पडतोय, कुठून तरी काहीतरी आत शिरतंय. आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, आयडलला उणे १४. रेस देऊन २,५०० आरपीएमला नेलं तर उणे ३.

हा जो जोड आहे ना, मॅप जास्त आणि ट्रिम उणे, तिथंच उत्तर होतं आणि एप्रिलपासून होतं. समजा बाहेरची साधी हवा कुठल्या फाटक्या होजमधून आत शिरत असती, तर मॅपवाल्या गाडीत आयडल चढला असता, ट्रिम फारसं हललं नसतं कारण मॅप ती हवा मोजतोच आणि त्या हिशोबाने पेट्रोल देतो. पण आत शिरणारी गोष्ट एक्झॉस्ट असेल तर? एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. मॅपला वाटतं प्रेशर वाढलं म्हणजे हवा वाढली, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, पण जाळायला ऑक्सिजन आहेच कुठं, झालं मिश्रण रिच. ऑक्सिजन सेन्सर ओरडतो रिच रिच, कॉम्प्युटर पेट्रोल कापतो, ट्रिम उणे. रेस दिल्यावर एकूण हवा इतकी वाढते की तेवढी गळती त्यात बुडून जाते. म्हणजे ज्या ऑक्सिजन सेन्सरला आपण एप्रिलमध्ये खोटारडा म्हणून काढला तो बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता.

ईजीआरचं काम थोडक्यात: जळून झालेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडायचा, त्याने ज्वलनाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात, कारण ते खूप जास्त तापमानालाच जोरात बनतात. पण हे फक्त चालत्या गाडीत, मध्यम लोडवर. आयडलला व्हॉल्व्ह घट्ट बंद पाहिजे, तेव्हा इंजिन आधीच कसंबसं श्वास घेत असतं, त्यात धूर सोडला की थरथर ठरलेली. पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज बघितलं, बंद असताना ०.७ च्या आसपास यायला पाहिजे होतं, येत होतं १.३. म्हणजे बंद म्हणायचं नि फट ठेवायची.

तरी मला खात्री करायची होती, आधी दोनदा हात पोळलेले. व्हॉल्व्हचे दोन बोल्ट सैल केले आणि व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मधे तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पॅकिंगच्या मापाचा तुकडा सरकवला, बोल्ट परत आवळले. स्टार्ट केली. मॅप ३३. इंजिन इतकं शांत की बाबांनी विचारलं चालू आहे का. दोन मिनिटांत बंद करून पत्रा काढून टाकला.

पत्रा काढून टाकला हे मुद्दाम लिहितोय. पुण्याच्या मावसभावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला राहू दे की तसाच, आमच्याकडे सगळे डिझेलवाले ईजीआर ब्लँक करतात, पिकअप वाढतो. पिकअपचं माहीत नाही, पण तिकडं ते खपतं कारण पीयूसीला डिझेल गाडीचा नुसता धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि ईजीआर बंद केल्यावर वाढतो तो नेमका न दिसणारा गॅस. अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टखाली एमिशनचं यंत्र निकामी करणं बेकायदा आहेच, शिवाय पेट्रोल इंजिनात ईजीआर गेला की लोडवर नॉकिंग (इंजिनात ठोके) सुरू होऊ शकतं. टेस्टला दोन मिनिटं पत्रा चालेल, मुक्कामाला नाही.

व्हॉल्व्ह बाहेर काढला. तळाशी जी सुई वर-खाली होऊन भोक बंद करते तिच्या बुडाशी काजळी, साधी मऊ नाही, कोळशासारखी कडक, आणि सीटवर एक खपली अडकलेली, साबुदाण्याच्या दाण्याएवढी. तेवढ्या खपलीने सुई पूर्ण बसत नव्हती. ती खपली चिमट्याने काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, बोटाने चिरडली, वास घेतला आणि म्हणाले, "रिच चाललीय बरेच दिवस." मग फिल्टरचा विषय त्यांनी आपणहून बंद केला.

साफ करताना काळजी एवढीच की वरचा कॉइल-सेन्सरचा भाग ओला करायचा नाही, व्हॉल्व्ह उलटा धरून नुसत्या तळाला थ्रॉटल बॉडी क्लीनर मारायचा, जुन्या टूथब्रशने घासायचं, सुई स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. मॅनिफोल्डच्या बाजूचं भोकही घासलं, तिथं अर्धी वाटी काजळी निघाली. नवीन पॅकिंग ६ डॉलर. बसवून चावी ऑन केली तर बंद स्थितीचं व्होल्टेज ०.७२, आयडलला मॅप ३३, आणि ट्रिम चार दिवसांत उणे २ वर येऊन थांबलं.

मग पी०४०४ आणि वायर यांचा संबंध काय? माझ्या मते थेट काहीच नाही. दोन वेगळे आजार होते आणि योगायोगाने दोघंही एकाच व्हॉल्व्हच्या आसपास राहत होते, म्हणून पी०४०५ आणि पी०४०४ एकत्र बघून कोणीही म्हणणार व्हॉल्व्ह बदला. बदलला असता तर थरथर गेली असती, सिग्नलला बंद पडणं राहिलंच असतं, आणि मग गॅरेजवाला म्हणाला असता आता कॉम्प्युटर बघावा लागेल.

राहिलं इन्स्पेक्शन. न्यू जर्सीत दोन वर्षांनी, सरकारी लेनमध्ये फुकट, आणि १९९६ पासूनच्या गाड्यांना त्याच ओबीडी पोर्टमध्ये वायर लावून तपासतात. इथं मी शेवटची चूक केली, सगळं दुरुस्त झाल्याच्या आनंदात कोड क्लिअर केले आणि दुसऱ्याच दिवशी जायला निघालो, ते तर बरं की आधी फोनवर बघितलं. कोड क्लिअर केले की गाडीची सेल्फ टेस्ट, ज्याला रेडीनेस मॉनिटर म्हणतात, त्याही सगळ्या पुसल्या जातात, आणि २००१ पासूनच्या गाडीला एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. आमचे चार अपूर्ण: कॅटॅलिस्ट (कन्व्हर्टर), ईव्हॅप (टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ न देणारी यंत्रणा), ऑक्सिजन सेन्सर, ईजीआर. म्हणजे लाइट बंद असूनही नापास, आणि लेनवाल्यांना हे चांगलं कळतं की गिऱ्हाईक कालच कोड पुसून आलंय.

मग पाच दिवस म्हशीला फिरवलं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाने सकाळी स्टार्ट, दोन मिनिटं उभी, मग २८७ हायवेवर ताशी ५५ मैलांच्या स्पीडने पंधरा मिनिटं सरळ, मग एक्झिटला ब्रेक न लावता पाय काढून नुसती घरंगळत. हे घरंगळणं महत्त्वाचं, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर त्याच वेळी ईजीआर क्षणभर उघडून मॅप वाढतो का ते बघतो. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या आसपास ठेवलं, फुल्ल किंवा रिकामी टाकी असली की ईव्हॅपची टेस्ट सुरूच होत नाही. ईजीआर दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला, ऑक्सिजन तिसऱ्या, कॅटॅलिस्ट पाचव्या दिवशी ब्रिजवॉटरहून येताना. ईव्हॅप झालाच नाही, पण एक माफ आहे. ३० तारखेला लेनमध्ये गेलो, सात मिनिटांत स्टिकर.

कॅटॅलिस्ट पास झाला याचा अर्थ तो पी०४२० वाला कन्व्हर्टर सध्या तरी जिवंत आहे. इतके महिने रिच धूर खाऊन त्याचं आयुष्य कमी झालं असेलच, मागच्या ऑक्सिजन सेन्सरवर लक्ष ठेवून आहे, तो ०.६-०.७ व्होल्टवर स्थिर राहतोय तोवर हात लावणार नाही. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ मधे नाचतो ते बरोबर, मागचाही तसाच नाचायला लागला की समजायचं कन्व्हर्टर गेला.

जुना मॅप सेन्सर मी परत लावून बघितला, चावी ऑन, १०० दाखवतो, आयडलला ३३. तो आता स्पेअर म्हणून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, तुपाच्या डब्याच्या त्या पत्र्यासोबत. बाबा जानेवारीत कराडला परतले, परवा फोनवर विचारत होते, शंभर दाखवतेय ना?